कुंभिवलीचा बिल्ला

रविवार, दिनांक ९ फेब्रुवारी २०२५ रोजी, दुपारी चार वाजता, मौजे कुंभिवली, तालुका खालापूर, जिल्हा रायगड येथे, जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेस असलेल्या मुकादम खानावळीत नाका व्यापारी मंडळाची विशेष सभा भरली. सहाही सभासद उपस्थित होते. सभेपुढे विषय एकच होता: सभासद श्री. मोहियुद्दीन मुकादम यांजकडील थकबाकी.

मंडळाचे चिटणीस हरी कर्णिक यांनी इतिवृत्ताच्या वहीत एवढे लिहिले आणि पेनाचे टोपण लावले. खालापूरच्या शाळेत तेहेतीस वर्षे मराठी शिकवून ते निवृत्त झाले होते. नाक्यावर त्यांचे दुकान नव्हते, परंतु मंडळाचे नियम त्यांनी लिहिले होते आणि नियम लिहिणाऱ्याने वहीही लिहावी, असे तेव्हा सर्वांनी ठरवले होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

ज्यांच्याविरुद्ध सभा होती त्यांच्याच खानावळीत ती भरली होती, कारण एवढी माणसे बसतील अशी दुसरी जागा नाक्यावर नव्हती. ज्यांनी ती बोलावली त्या अनसूयाबाई गुप्ते यांनी मात्र यजमानांचा चहा नाकारला होता आणि पाण्याची बाटली स्वतःच्या दुकानातून आणली होती. सभा सुरू होण्यापूर्वी त्या स्वयंपाकघरात जाऊन आल्या होत्या. तेथील चार शेगड्यांची मोठी भट्टी त्यांनी मोजपट्टीने लांबीरुंदीत मोजली होती, आणि ती मोजपट्टी आता त्यांच्यासमोर टेबलावर होती.

बिल्ला म्हणजे काय, हे नाक्याबाहेरच्या माणसास सांगितले पाहिजे. नोटाबंदीच्या हिवाळ्यात सुट्ट्या पैशांवाचून नाक्यावरचे व्यवहार बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा या सहा दुकानदारांनी खोपोलीच्या एका लेथवाल्याकडून पितळेच्या चकत्या कापून घेतल्या, प्रत्येकीच्या मधोमध भोक पाडले आणि एकीची किंमत दहा रुपये ठरवली. त्या चकतीस बिल्ला म्हणू लागले. आसपासच्या कारखान्यांच्या कंत्राटदारांना ही युक्ती पसंत पडली. मजुराला जेवणाचे रोख पैसे दिले तर ते गुत्त्यावर जातात, बिल्ले दिले तर पोटात जातात, असे त्यांचे गणित होते. मंडळाच्या लोखंडी पेटीत रुपये भरून ते बिल्ले नेत. मजूर ते सहांपैकी कोणत्याही दुकानी देई. दुकानदार आपसांत तेच देतघेत. आणि ज्याच्याकडे बिल्ले साठतील त्याने ते पेटीत टाकून रुपये न्यावेत, अशी व्यवस्था होती. ज्याला कमी पडतील त्याला पेटीतून उसनेही मिळत. सुट्ट्या पैशांची टंचाई गेली, फोनवरून पैसे देण्याचा काळ आला, तरी बिल्ला टिकला. नाक्यावर त्याला ‘आपला बिल्ला’ म्हणत.

तो आपला होता, परंतु त्याला एकाच दिशेने उतार होता. नाक्यावर किराणा आणि पिठाची गिरणी एकच होती, ती अनसूयाबाईंची. खानावळीचे पीठ, वडापाववाल्या हर्षलाचे बेसन, सर्वांचे तेल त्यांच्याकडून येई. खोपोलीच्या बाजारात तेच पीठ किलोमागे तीन रुपयांनी स्वस्त मिळत असे. पण खोपोलीत बिल्ला चालत नव्हता. त्यामुळे सोमवारी सहा दुकानांत विखुरलेले बिल्ले शनिवारी गुप्त्यांच्या गल्ल्यात एकत्र येत आणि तेथून पेटीत जाऊन रुपये होऊन परत येत. बिल्ल्याने अनसूयाबाईंना गिऱ्हाईक मिळवून दिले होते आणि त्या गिऱ्हाइकाचे पाय बांधूनही ठेवले होते. हे कोणी ठरवून केले नव्हते. म्हणूनच ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मागच्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस रंगाचा कारखाना बंद पडला. कंत्राटदार दर आठवड्याला सांगे की पुढच्या आठवड्यात सुरू होणार, आणि बिहार-ओडिशाकडचे दोनशे मजूर त्या आशेवर खोल्यांत पडून राहिले. मोहियुद्दीनभाईंनी त्यांना चार महिने जेवू घातले. मजुरांकडे बिल्ले नव्हते, म्हणून मोहियुद्दीनभाईंनी पेटीतून उसने घेतले आणि अनसूयाबाईंकडचे पीठ-तांदूळ घेतले. अनसूयाबाईंनी तेच बिल्ले पेटीत टाकून रुपये नेले. डिसेंबरात पेटीतले रुपये संपले. तेव्हापासून त्यांच्या गोदामात अकरा हजार बिल्ल्यांचे पोते उभे होते आणि त्या पोत्याला रुपया मिळत नव्हता.

अनसूयाबाईंनी आधी दोनदा उपाय सुचवले होते आणि मंडळाने ते दोन्ही वेळा मान्य केले होते. नोव्हेंबरात थाळी चार बिल्ल्यांऐवजी पाचांची झाली आणि दोन आचारी कमी झाले. डिसेंबरात भाताची मूद लहान झाली आणि खानावळीच्या गल्ल्याची किल्ली अनसूयाबाईंच्या कारकुनाकडे गेली. जानेवारीत कारखाना पुन्हा सुरू झाला, पण कंत्राटदार मजुराला पूर्वीप्रमाणे चारच बिल्ले देई. पाचव्या बिल्ल्याअभावी अर्धे मजूर हर्षलाच्या वडापावाकडे वळले. देणे फिटावे म्हणून जे केले त्याने देणारा आटला. गुरुजींनी हे वाक्य जानेवारीच्या इतिवृत्तात लिहिले होते आणि इतिवृत्तात मत नसते असे सांगून अनसूयाबाईंनी ते खोडायला लावले होते.

अनसूयाबाई लबाड नव्हत्या, हे येथे नमूद केले पाहिजे. त्या लबाड असत्या तर सभा सोपी झाली असती. त्यांचे यजमान वारले तेव्हा गिरणीवर बँकेचे कर्ज होते. लोकांनी त्यांना कर्जमाफीचे अर्ज दाखवले, नातलगांनी गिरणी विकण्याचा सल्ला दिला. त्यांनी सात वर्षे स्वतः जात्याशी उभे राहून, कानात कापूस घालून, शेवटचा हप्ता भरला. तेव्हापासून जो फेडत नाही तो फेडू इच्छित नाही, एवढाच अर्थ त्यांना त्या गोष्टीत दिसे.

सभेत प्रथम मोहियुद्दीनभाई बोलले. त्यांनी देणे नाकारले नाही. कारखाना सुरू झाला आहे, माणसे परत कामावर आली आहेत, एक वर्षाची सवड मिळाली तर सारे फिटेल, असे त्यांनी सांगितले. आणि मग रात्रंदिवस मनात घोळवलेली सूचना मांडली. एक वर्षापुरता बिल्ला आठ रुपयांचा धरावा, आणि तो सर्वांसाठी. कंत्राटदार त्याच रुपयांत पाच बिल्ले देऊ शकेल, पाचांची थाळी पुन्हा खपेल, अकरा हजारांचे ओझे पाचव्या हिश्शाने उतरेल. हे मान्य नसेल तर त्यांना स्वतःचा पत्र्याचा बिल्ला काढू द्यावा, तो ते आठालाच विकतील.

दुसरी सूचना कलम दोनने बाद होत होती. नाक्यावर दुसरे चलन काढण्यास त्यात मनाई होती. पहिलीला अनसूयाबाईंनी उत्तर दिले.

“मोहिद्दीनभाई, दहा म्हणजे दहा. आज आठ केलात, रमजान झाला की सहा म्हणाल. मग त्या पोत्यातलं पितळ मी गिरणीत दळू?”

“पीठ कुणाकडनं घेतलं, बाई? तुमच्याकडनंच ना. कारखाना बंद व्हता तवा तुमचं दुसरं गिऱ्हाईक तरी कोन व्हतं? गोदामात किडे पडले असते. तुमीच म्हनायच्या, न्या भाई, बिल्ला आपलाच हाय.”

“मी पीठ विकलं. फुकट वाटलं कुणी?”

टायरपंक्चरवाला गजा यावर छताकडे पाहू लागला. कारखाना बंद होता त्या चार महिन्यांत तोही रोज दुपारी येथे जेवला होता आणि त्याने एकदाही बिल्ला दिला नव्हता.

स्वयंपाकघराच्या दाराशी आसिया उभी होती. मोहियुद्दीनभाईंची ही बायको खानावळ खरे तर चालवत असे. भाकऱ्या तिच्या, हिशेब तिचा, आणि फळ्यावर रोज लिहिलेली भाज्यांची नावेही तिच्याच हातची. ती गुरुजींची विद्यार्थिनी होती. दहावीत मराठीचे पहिले बक्षीस तिला मिळाले होते, आणि त्या फळ्यावर ‘कोथिंबीर’ हा शब्द कधी चुकत नाही, याचा गुरुजींना आजही अभिमान होता. सभेत बोलण्याचा अधिकार तिला नव्हता. सभासद तिचा नवरा होता.

गुरुजी उठले. त्यांनी शांतपणे कलम नऊ सभेच्या निदर्शनास आणले. कोणत्याही सभासदास मंडळातून काढता येणार नाही, असे ते कलम होते. दुबळ्याला बळकटाने हाकलू नये म्हणूनच त्यांनी ते घातले होते.

“काढतंय कोण?” अनसूयाबाई म्हणाल्या. “पुढचं वाचा की.”

पुढे लिहिले होते: ‘मात्र सभासदास आपखुशीने बाहेर पडता येईल, व तशी नोंद चिटणिसाने इतिवृत्तात करावी.’

अनसूयाबाईंनी पिशवीतून एक टंकलिखित कागद काढला आणि मोहियुद्दीनभाईंच्या पुढ्यात सरकवला. ‘मी माझ्या आपखुशीने मंडळातून बाहेर पडत आहे’ असा त्याचा प्रारंभ होता. भट्टी, मोठी भांडी आणि शीतकपाट अनसूयाबाईंनी घ्यावे, त्याबदल्यात त्या अकरा हजार बिल्ल्यांवरचा आपला हक्क सोडतील, पेटी मोकळी होईल आणि मुकादम खानावळीत उद्यापासून बिल्ला घेतला जाणार नाही, असे पुढे होते. मजुरांच्या खिशात बिल्ल्यांखेरीज काही नसते, हे त्या कागदात लिहिण्याची गरज नव्हती.

सही झाली नाही तर काय, असे कोणीतरी विचारले. तर सोमवारपासून गुप्त्यांच्या दुकानात बिल्ला चालणार नाही, रोख रुपये आणावेत, असे उत्तर आले.

गुरुजी या क्षणाची वाट पाहत होते. असे करता येणार नाही, ते म्हणाले. कलम चारप्रमाणे बिल्ला कोणत्याही सभासदाच्या दुकानी वटेल, आणि ‘वटेल’ याचा अर्थ सभासदाने तो घेतलाच पाहिजे. घेतला नाही तर नियम अनसूयाबाई मोडत आहेत, मोहियुद्दीनभाई नव्हे. हे सांगताना त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा भरदार झाला. हर्षलाने मान वर केली. मोहियुद्दीनभाईंनी कागदावरचा हात काढून घेतला.

अनसूयाबाईंनी पिशवीतून नियमांची छापील पुस्तिका काढली आणि कलम चारवर नख ठेवून ती गुरुजींपुढे धरली.

“मोठ्याने वाचा, गुरुजी. पाठ म्हणू नका, वाचा.”

गुरुजींनी वाचले, आणि वाचता वाचता थांबले. पुस्तिकेत ‘वठेल’ असे छापले होते. आठ वर्षे त्यांनी हे कलम सभांतून म्हटले होते आणि प्रत्येक वेळी स्मरणातून म्हटले होते. छापखान्यातून आलेले मुद्रित त्यांनी स्वतः दोनदा तपासले होते.

“झाड वठतं तसा वठेल,” अनसूयाबाई म्हणाल्या. “तुमच्याच नियमात आहे. मी काय वेगळं म्हणतेय?”

“ट मधी हवा जरा जास्ती झाली, गुरुजी,” गजा म्हणाला. “माझ्याकडं आणायचा व्हता, काढून दिली असती.”

सगळे हसले. हर्षलाही हसली आणि लगेच तिने पदर तोंडावर घेतला. ही छपाईची चूक आहे, हेतू उघड आहे, असे गुरुजींनी सांगितले. ते खरे होते, आणि कोणत्याही सुज्ञ माणसाने ते मान्य केले असते. परंतु ज्या माणसाने तेहेतीस वर्षे इतरांच्या काना-मात्रांखाली लाल रेघा ओढल्या त्याच्या अक्षरात चूक सापडली की मग त्याच्या युक्तिवादाकडे कोणी लक्ष देत नाही. सभा हसली तेथेच कलम चार संपले.

मग अनसूयाबाईंनी इतर चौघांकडे वळून सरळ प्रश्न विचारला. ज्यांना आठ रुपयांचा बिल्ला हवा त्यांनी हात वर करावा. मात्र त्यांचा उद्याचा माल रोखीने. हर्षलाच्या घरी बेसनाचे अर्धे पोते उरले होते. गजाने ट्यूब-टायर भरायला उसने घेतलेले पैसे गुप्त्यांचेच होते. सलूनवाल्याने आपली बोटे मोजल्यासारखी पाहिली आणि पाण्याच्या व्यापाऱ्याने फोन कानाला लावला, जरी तो वाजला नव्हता. आठ रुपयांच्या बिल्ल्याने त्या चौघांचाही थोडाबहुत फायदाच होता. हात एकही वर झाला नाही.

सही न करता बसून राहणे मोहियुद्दीनभाईंना शक्य होते. कलम नऊ त्यांच्या बाजूचे होते. परंतु सोमवारी अनसूयाबाईंनी बिल्ला नाकारला असता तर तो नाक्यावर कोणीच घेतला नसता. गजाच्या खणातले, हर्षलाच्या डब्यातले आणि दोनशे मजुरांच्या खिशांतले बिल्ले एका सकाळी नुसत्या चकत्या झाले असते, आणि त्याचे कारण म्हणून सगळ्यांनी मुकादम खानावळीकडे बोट दाखवले असते. मोहियुद्दीनभाईंनी हे मनाशी जुळवले. त्यांनी पेन मागितले. गुरुजींनी आपले दिले नाही; अनसूयाबाईंनी आपले दिले.

“माज्यापायी त्या मानसांच्या खिशात पितळ नको व्हायला,” ते म्हणाले, आणि सही केली.

अनसूयाबाईंनी सही नीट पाहिली, कागदाची घडी घातली आणि त्यांना बरकत चिंतिली. त्या हे मनापासून म्हणाल्या. भट्टी मंगळवारी न्यायला टेंपो येईल, गॅसची नळी तेवढी काढून ठेवा, असेही त्यांनी सांगितले. ती कोठे बसणार, असे गजाने विचारले. गोदामाच्या पुढल्या शेडमध्ये, त्या म्हणाल्या; मजुरांना दुपारी कुठेतरी जेवायला लागणारच.

आता नोंद तेवढी राहिली होती. चिटणिसाने लिहिल्यावाचून कलम नऊप्रमाणे बाहेर पडणे पुरे होत नव्हते, आणि ते पुरे झाले नाही तर सोमवारची धमकी उभी होती. सर्वांचे डोळे वहीकडे लागले.

गुरुजींना तो शब्द निवडल्याचा दिवस आठवला. ‘स्वेच्छेने’ त्यांना ताठ वाटला होता. ‘राजीखुशीने’ या शब्दाला मुद्रांकाच्या कागदाचा वास येत होता. ‘आपखुशीने’ हा घरगुती, मोकळा, स्वतःच्या पायांनी चालणारा शब्द होता, आणि त्यांनी तो या हेतूने घातला होता की कोणालाही येथे बांधून ठेवलेले वाटू नये. ‘निरुपायाने’ असे लिहिता येईल का, याचा त्यांनी विचार केला. त्याने नोंद बाद झाली असती. काहीही न लिहिता वही मिटून खालापूरची एसटी पकडता येईल का, याचाही त्यांनी विचार केला. त्याने काय साधले असते, ते मोहियुद्दीनभाईंनी आताच सांगितले होते. सर्व बाजूंनी पाहता लिहिणे हेच कमी हानीचे ठरत होते. आणि ते ज्या वेगाने तसे ठरले त्याची त्यांना स्वतःलाच शंका आली.

त्यांनी टोपण काढले आणि लिहिले: ‘सभासद श्री. मोहियुद्दीन मुकादम हे आपखुशीने मंडळातून बाहेर पडले. सभा पाच वाजून दहा मिनिटांनी संपली.’

वही सह्यांसाठी फिरली. अनसूयाबाईंनी पहिली सही केली आणि मोजपट्टी उचलून त्या निघाल्या. गजाने न वाचता केली. उरलेल्या तिघांनी एकमेकांच्या सह्यांखाली केल्या आणि एकेक जण आपापल्या दुकानी गेला. शेवटची सही मोहियुद्दीनभाईंची होती; ती करून ते मागच्या अंगणात गॅसची नळी पाहायला गेले.

आसिया दारातून पुढे आली. तिने हात पदराला पुसले, वही आपल्याकडे वळवली आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचली. शाळेत निबंध परत मिळाल्यावर ती असाच वाचत असे. मग तिने एका शब्दाखाली बोट ठेवले.

“गुरुजी, हे चुकलंय.”

आज एकदा ठेच लागलेल्या गुरुजींनी घाईने चष्मा सावरला आणि वाकून पाहिले. शब्द ‘आपखुशीने’ होता. खु ऱ्हस्व होता, शी दीर्घ होती, ने वर मात्रा होती. त्यांनी तो अक्षर अक्षर सोडवून पुन्हा पाहिला. मग मान वर करून, सुटल्यासारखा श्वास टाकून, ते म्हणाले की शब्द शुद्ध आहे.

“शुद्ध आहे,” आसिया म्हणाली. “खोटा आहे.”